दाहनुका ते सोपारा: आपल्या किनाऱ्यावरचा धम्म

अच्छाडच्या नाक्यावर आमची पोरं मोबाईलवर ऑस्टिया बघत होती. रोमचं जुनं बंदर, दगडी रस्ते, गोदामं. एकाने विचारलं, "आपल्याकडे असं काय आहे?" म्हणून पुढच्या रविवारी आम्ही डहाणूहून लोकल धरून नालासोपाऱ्याला गेलो.

रोमशी व्यापार चालायचा त्या काळातलं हे बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात यवनांच्या दानाचे खांब आहेत, त्यांच्यासोबत सोपाऱ्याच्या एका भाणकाच्या दानाचाही. जलमार्गाने माल आला, तसा धम्मही फिरला.

सोपाऱ्यात लोक ज्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत, तो ढिगारा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी खणला. निघाला विटांचा स्तूप. दगडी पेटीत एकात एक करंडक, शेवटच्या सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे मानलेले तुकडे, सोबत ब्राँझच्या आठ मूर्ती. बुद्धाचं नाव पुसलं गेलं, पण लोकांनी तो कोट कुठल्या सम्राटाला नाही, बांबू विणणाऱ्या बुरुडाला दिला. आम्हाला ही गोष्ट सोन्याहून मोलाची वाटते.

आता आपल्या गावाकडे या. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्यात दमण, पारदा, दाहनुका अशा नद्यांवर त्याने फुकट नावा सुरू केल्याची नोंद आहे. अभ्यासक दाहनुका म्हणजे डहाणू मानतात. त्याच लेखात तीन लाख गायींचं आणि देव-ब्राह्मणांना सोळा गावांचं दान आहे. भिक्षूंसाठी लेणंही आहे. नाव वल्हवणारा कोण, हे मात्र कुठेच नाही. दाता कोरला गेला, राबणारा नाही. इतिहासाच्या पुस्तकांनी पुढे तेच चालवलं.

उलट अशोकाचं नववं शासन बघा. त्याचा तुकडा सोपाऱ्याजवळ भुईगावला १९५६ साली सापडला, नागपूरच्या दीक्षेच्याच वर्षी. आजारपण, लग्न, बाळंतपण यांतले विधी फारसे फळत नाहीत, दास आणि नोकरांशी नीट वागणं हा धम्माचा विधी, असं ते सांगतं. तलासरीतल्या वीटभट्टीवरच्या मजुराला हे वाचून दाखवा, त्याला भाष्य लागणार नाही.

आठव्या शासनाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यात राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा धरल्याचं लिहिलंय. पुढच्या महिन्यात आमची यात्रा तिकडे. डबा आपापला आणायचा.