तलवारीवरचा ठसा

१/ उंब्रज आणि कराड यांच्या दरम्यान, वसंतगडाच्या पायथ्याशी तळबीड आहे. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे हे गाव. या परिसरातला एखादा तरुण ‘बाहुबली’तल्या तलवारीची प्रतिकृती हौसेने भिंतीवर लावतो, तेव्हा वडीलधारे नाक मुरडतात : खोटी तलवार! परंतु शस्त्रांच्या इतिहासात खरे-खोटे इतके सरळ नाही.

२/ ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांसाठी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपमध्ये पीटर लायन यांनी पोलादी तलवारी घडवल्या. हाणामारीच्या दृश्यांत मात्र नटांच्या हाती त्यांच्याच हलक्या, बोथट नकला असत. संग्राहकाने हौसेने घेतलेल्या तलवारीच्या मुळाशीही अशा अनेक प्रती असतात.

३/ आता आपली ‘फिरंग’ पाहा. नावातच परदेश आहे. सरळ, लांब पाते युरोपातून समुद्रमार्गे येई. मूठ येथे चढे. हाताचे रक्षण करणारी रुंद परज, आत गादी आणि मागे निघालेली दांडी. ती दुसऱ्या हाताने धरून वार करता येई.

४/ या पात्यांना भाव होता, म्हणून त्यांच्या ठशांचीही नक्कल झाली. इटलीतल्या जेनोवाच्या पात्यांवरील दातेरी चंद्रकोरींची जोडी हिंदुस्थानी कारागिरांनी आपल्या पात्यांवर उमटवली. ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव तर खुद्द युरोपातही असंख्य पात्यांवर चढले. नकलेचा बाजार जुनाच आहे.

५/ नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून मिळवली. पाते युरोपीय घडणीचे. पण त्यावर सोनेरी देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव आहे. अक्षरे टिकली, म्हणून धनी ओळखू आला.

६/ प्रतापगडच्या भवानी मंदिरातील एक तलवार हंबीररावांची म्हणून दाखवतात. तिच्यावरील सहा चांदण्यांशी सहाशे शत्रूंची कथा जोडली जाते. कथेची शहानिशा होईल तेव्हा होईल. त्यासाठी चांदण्या तरी शाबूत हव्यात.

७/ आणि धोका नेमका येथेच आहे. खंडेनवमीला पूजेपूर्वी घरातले जुने शस्त्र लख्ख करण्याची आपली रीत. त्यावर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर फिरला, की ठसा, अक्षरे, सोन्याचे काम एका सकाळीत नाहीसे होते. तीनशे वर्षांचे पाते मग दुकानातल्या प्रतिकृतीइतकेच निनावी ठरते.

८/ म्हणून विनंती : जुने पाते मऊ, कोरड्या फडक्याने पुसावे, तेलाचा पातळ हात द्यावा, प्रत्येक खुणेचे छायाचित्र काढून ठेवावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरू शकते, हेही ध्यानी असू द्यावे. आणि हौसेची प्रतिकृती जरूर लावावी. मागे फक्त घडवणाऱ्याचे नाव आणि साल लिहावे. आपल्या नातवंडांना ती हंबीररावांची वाटू नये, एवढ्यासाठी.