रुबेलाची उलटी गोष्ट

27 नोव्हेंबर 2018 ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना एक डोस, बहुतेकांना शाळेतच. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नारायणगावपासून घोडेगावपर्यंत एकच प्रश्न फिरत होता: या लसीने पोरं बोलायची थांबतात म्हणे, खरंय का? गोवर सगळ्यांच्या ओळखीचा. अंगावर निघाला की कडुलिंबाचा पाला आलाच. रुबेला मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

आणि गंमत अशी, की संसर्ग आणि ऑटिझम यांचं सगळ्यात ठोस नातं सापडलं ते या रुबेलाचंच.

रुबेला मुलांना फारसा त्रास देत नाही. बारीक ताप, दोन-तीन दिवस पुरळ. घात होतो तो पोटातल्या बाळाचा. 1941 मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या 78 बाळांची नोंद केली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. मग 1964-65 मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली आणि सुमारे 20 हजार बाळं व्यंग घेऊन जन्मली. न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी अशी 243 मुलं तपासली. 10 जणांत ऑटिझम, आणखी 8 जणांत त्याची काही लक्षणं. त्या काळी सर्वसाधारण मुलांत हे प्रमाण दहा हजारांत चार-पाच धरलं जाई! चेस यांचा निबंध 1971 चा.

मग लसच गुन्हेगार कशी ठरली? 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने फक्त 12 मुलांच्या जोरावर गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर संशय घेतला. ‘लॅन्सेट’ने तो निबंध 2010 मध्ये मागे घेतला, पण अफवा मागे घेता येत नाही. शिवाय ऑटिझमची लक्षणं आईबापांच्या लक्षात येतात ती साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात, आणि लसीचा डोसही त्याच सुमारास असतो. आमच्या धंद्यातही शुक्रवारी कोड चढवला आणि रात्री सर्व्हर पडला की पहिला संशय त्या कोडवरच जातो. लॉग उघडल्याशिवाय काही खरं नसतं. डेन्मार्कने उघडले: 6,57,461 मुलांची नोंद तपासली, 2019 मध्ये निष्कर्ष छापला. लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नव्हता.

याचा अर्थ प्रत्येक ऑटिझममागे संसर्ग असतो असा अजिबात नाही. मोठा वाटा जनुकांचा. गरोदरपणातल्या इतर तापांवरही अभ्यास झालेत, पण भावंडांची आपसांत तुलना केली की ते नातं बरंच फिकं पडतं. रुबेलाचं तसं नाही, आणि तो टाळता येतो.

2018 मध्ये आठवी-नववीत असताना ज्या मुलींनी दंडावर ती सुई घेतली, त्या आता विशीत आहेत. काहींची लग्नं झालीत.