फ्रीजर थंड, पण खाली दूध नासते
फ्रीज बिघडल्याची पहिली वर्दी बहुधा दूधच देते. रात्री व्यवस्थित ठेवलेले दूध सकाळी तापवताना फाटते, कोथिंबीर माना टाकते, पाण्याची बाटली कोमट लागते. वरच्या कप्प्यातला बर्फ मात्र घट्टच असतो. अशा वेळी ‘गॅस संपला असेल’ हे निदान घरातच होते आणि अनेकदा दुरुस्तीला आलेला कारागीरही तेच सांगतो. वस्तुतः फ्रीजमधील वायू हे इंधन नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि वापराने कमी होत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय.

आधी साधी तपासणी

पुष्कळदा दोष यंत्रात नसून वापरात असतो. थंडीच्या दिवसांत कमी केलेली थर्मोस्टॅटची चकती उन्हाळ्यात तशीच राहून जाते. हवा येण्याच्या झडपांसमोर पातेली रचलेली असतात. फ्रीज भिंतीला चिकटून असल्यास, अथवा मागील जाळीवर धूळ साचल्यास, आतून काढलेली उष्णता बाहेर पडत नाही. अनेक नव्या फ्रीजमध्ये या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात; त्यामुळे बाजू गरम लागणे हा बिघाड नव्हे.

दाराची रबरी पट्टी तपासण्यासाठी दारात कागदाची नोट धरून दार लावावे. नोट सहज ओढली गेली, तर पट्टी सैल झाली आहे. साबणाच्या कोमट पाण्याने पुसल्यावर चिकट घाण निघून ती पुष्कळदा पुन्हा नीट बसते. फाटली असल्यास बदलावी लागते.

वर बर्फ, खाली उष्मा

दोन दारांच्या ‘फ्रॉस्ट फ्री’ फ्रीजमध्ये बहुधा थंडावा निर्माण करणाऱ्या नळ्या फ्रीजरच्या मागील आवरणाआड असतात. त्यांवरील गार हवा पंखा फ्रीजरमध्ये फिरवतो आणि तिचाच काही भाग खाली पाठवतो. नळ्यांवर साचणारे हिम वितळवण्यासाठी ठरावीक अवधीने हीटर सुरू होतो. हीटर, टायमर किंवा तापमान ओळखणारा सुटा भाग निकामी झाला, की हिमाचा थर वाढून हवेची वाट बंद होते. नळ्या जवळ असल्याने फ्रीजर काही दिवस गार राहतो. खालचा भाग मात्र तापू लागतो.

याची परीक्षा घरी करता येते. फ्रीज रिकामा करून प्लग काढावा, खाली जुने कापड अंथरावे आणि दारे सुमारे २४ तास उघडी ठेवावीत. त्यानंतर फ्रीज काही दिवस उत्तम चालून पुन्हा तसाच बिघडला, तर दोष हिम वितळवण्याच्या व्यवस्थेत असण्याचा संभव मोठा. वायू भरून तो जाणार नाही. कॉम्प्रेसर चालू असूनही पंख्याचा आवाज अजिबात येत नसेल, तर पंख्याची मोटर तपासावी. काही फ्रीजमध्ये दार उघडताच पंखा थांबतो; अशा वेळी दाराचे बटण बोटाने दाबून ऐकावे.

एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये हिमाचा थर जाड होण्यापूर्वीच डिफ्रॉस्टचे बटण दाबावे. बर्फ सुरीने खरवडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पातळ नळीला टोक लागले, की वायू क्षणात निघून जातो आणि किरकोळ काम मोठ्या खर्चाचे होते.

कारागीर केव्हा बोलवावा?

कॉम्प्रेसर अखंड चालूनही दोन्ही कप्पे गरम राहणे, किंवा नळ्यांच्या एकाच टोकाला हिम धरणे, ही वायू कमी झाल्याची लक्षणे असू शकतात. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबत असेल, तर कमी दाबाची वीज, रिले अथवा स्वतः कॉम्प्रेसर यांपैकी एक कारण संभवते. वीज गेल्यावर निदान तीन ते पाच मिनिटे थांबूनच फ्रीज सुरू करावा.

विजेचे भाग घरी उघडू नयेत. आज अनेक फ्रीजमध्ये आर-६०० ए हा ज्वालाग्राही वायू असतो. फ्रीजवरील माहितीपट्टीवर त्याचा उल्लेख आढळतो. अशा फ्रीजजवळ ज्योत वापरून झाळकाम करणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम. वायू भरण्यापूर्वी गळती कोठे सापडली, हे विचारावे आणि ते पावतीवर लिहून घ्यावे.

अन्न आणि औषधे

वीज गेल्यास किंवा फ्रीज बंद पडल्यास दार न उघडता खालच्या कप्प्यातील अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते. पूर्ण भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास, तर अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. दूध, शिजवलेला भात, मांस व मासे दोन तासांहून अधिक काळ ४ अंश सेल्सिअसच्या वर राहिले असल्यास वास न घेता टाकून द्यावेत, कारण वास चांगला असला तरी अन्न दूषित असू शकते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागते आणि ते गोठताही कामा नये. ते फ्रीजरमध्ये हलवू नये. शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवावे. दुरुस्ती दोन दिवस थांबू शकते, औषध थांबत नाही.