फीचर फ्लॅग : नव्या आवृत्तीची चावी, जुन्या बटणाचा धोका

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि त्यानंतरच्या ४५ मिनिटांत नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली पेढीने ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. यात कोणी अफरातफर केली नव्हती, की बाहेरून कोणी संगणकात शिरले नव्हते. नऊ वर्षांपूर्वी वापरातून गेलेली, पण आज्ञावलीतून कधीच न काढलेली एक सोय पुन्हा जागी झाली होती. तिला जागे करणारी होती एक साधी हो-नाहीची खूण. संगणक अभियंते अशा खुणेला फ्लॅग म्हणतात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरकर्त्यांच्या हाती देताना आज या फ्लॅगांचा सर्रास उपयोग होतो आणि त्यासाठी लागणारी साधने मुक्त स्रोत स्वरूपात कोणासही उपलब्ध आहेत.

मूळ कल्पना अगदी साधी आहे. समजा, तिकीट काढण्याच्या एखाद्या ॲपमध्ये पैसे भरण्याचे नवे पान तयार झाले. पूर्वीच्या रीतीप्रमाणे ते पान सर्व्हरवर चढवले, की त्याच क्षणी साऱ्या प्रवाशांपुढे उभे राहत असे. चूक निघाल्यास संपूर्ण आवृत्ती मागे घ्यावी लागे आणि तोवर तक्रारींचा पाऊस पडे. फ्लॅगच्या पद्धतीत नवे पान एका अटीच्या आड ठेवतात. फ्लॅग चालू असेल तर नवे पान, नसेल तर जुने. आज्ञावली सर्व्हरवर सोमवारी गेली तरी फ्लॅग गुरुवारी चालू करता येतो, तोही आधी केवळ कार्यालयातील मंडळींसाठी, मग शंभरातील एका प्रवाशासाठी, मग दहांसाठी. बिघाड दिसला तर बटण बंद करायचे. आज्ञावली सर्व्हरवर चढवणे आणि सोय लोकांना खुली करणे या दोन गोष्टींची फारकत करणे, हेच या तंत्राचे मर्म होय.

छायाचित्रांच्या फ्लिकर या संकेतस्थळाच्या अभियंत्यांनी २००९ च्या डिसेंबरात आपली ही पद्धत जाहीरपणे मांडली. त्यांच्याकडे आज्ञावलीच्या वेगवेगळ्या शाखा नव्हत्याच. सर्वांचे काम एकाच मुख्य प्रवाहात जाई आणि तो प्रवाह दिवसातून अनेकदा प्रत्यक्ष वापरात येई. अर्धवट काम फ्लॅगआड झाकलेले असे.

शंभरातील दहा प्रवासी निवडायचे कसे, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या जात नाहीत. वापरकर्त्याचा क्रमांक आणि फ्लॅगचे नाव एकत्र करून त्यावर एक ठरावीक गणिती प्रक्रिया केली जाते व तीतून शंभरच्या आतला एक आकडा निघतो. तो आकडा दहापर्यंत असेल तर नवे पान दाखवायचे. तोच माणूस पुन्हा आला तरी आकडा तोच निघतो, म्हणून त्याला कधी जुने तर कधी नवे पान असा चकवा बसत नाही. फ्लॅगचे नाव मिसळल्यामुळे प्रत्येक नव्या प्रयोगाचा भार त्याच त्या दहा जणांवर पडत नाही, हाही एक फायदा.

मुक्त स्रोत साधनांपैकी अनलीश हे एक जाणते नाव. नॉर्वेतील फिन या जाहिरातींच्या संकेतस्थळाच्या गरजेतून ते जन्मले. याशिवाय फ्लॅगस्मिथ, फ्लिप्ट आणि प्रयोगांच्या मोजणीवर भर देणारे ग्रोथबुक ही नावेही परिचयाची आहेत. या साधनांमध्ये सर्वसाधारणपणे एक नियंत्रणफलक असतो. तेथे ठरवलेले नियम प्रत्येक सर्व्हरवरील आज्ञावली ठरावीक अंतराने मागवून घेते आणि आपल्या स्मृतीत ठेवते. निर्णय तेथल्या तेथे होत असल्याने वेळ जात नाही आणि नियंत्रणफलकाचा सर्व्हर काही काळ बंद पडला तरी शेवटच्या ज्ञात नियमांवर काम चालू राहते. हे सारे आपल्याच यंत्रणेवर बसवता येत असल्यामुळे ग्राहकांची माहिती त्रयस्थाकडे सोपवावी लागत नाही. बँका आणि रुग्णालये यांच्या दृष्टीने हा मुद्दा पैशांच्या बचतीहून मोठा आहे. २०२२ साली क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनने आपल्या छत्राखाली घेतलेला ओपनफीचर हा प्रकल्प याच्याही पुढे जातो. फ्लॅग विचारण्याची एक समान रीत त्याने ठरवून दिली आहे. त्यामुळे उद्या साधन बदलले तरी आज्ञावलीतील शेकडो ओळी बदलाव्या लागत नाहीत.

आता नाइट कॅपिटलकडे वळू. त्यांच्या प्रकरणातील फ्लॅग हा आजच्यासारखा नियंत्रणफलकावरचा नव्हता, मागणीसोबत जाणारी ती एक खूण होती. पण धडा तोच. पेढीने नव्या सोयीसाठी जुनीच खूण पुन्हा वापरली. ही खूण पूर्वी पॉवर पेग नावाच्या, २००३ मध्ये थांबवलेल्या सोयीची होती. नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर चढवायची होती. ती सातांवरच चढली. आठव्यावर खूण पोहोचताच जुनी सोय कामाला लागली. मागणी पूर्ण झाली, आता थांबा, असे सांगणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवलेला असल्याने ती थांबेना. किरकोळ ग्राहकांच्या २१२ मागण्यांपोटी १५४ कंपन्यांच्या समभागांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. गोंधळात अभियंत्यांनी उरलेल्या सात सर्व्हरांवरची नवी आज्ञावली काढून टाकली, तेव्हा तेथेही जुनी सोय जागी झाली आणि आग अधिकच भडकली. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने पॉवर पेगचे नाव असलेले ९७ ई-मेल धाडले होते, पण त्यांकडे इशारा म्हणून कोणी पाहिले नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने पेढीला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला आणि त्याच वर्षी ती दुसऱ्या पेढीत विलीन झाली.

फ्लॅग नसण्याचेही मोल मोजावे लागते. १२ जून २०२५ रोजी गुगल क्लाउडच्या सेवा जगभर कोलमडल्या. २९ मे रोजी चढवलेल्या नव्या आज्ञावलीत रिकाम्या माहितीची दखल घेण्याची सोय नव्हती आणि ती फ्लॅगआडही ठेवलेली नव्हती. ती फ्लॅगआड असती तर दोष चाचणीतच पकडला गेला असता, असे कंपनीने आपल्या अहवालात मान्य केले. तातडीने बंद करण्याचे बटण मात्र ठेवलेले होते. ते सर्वत्र लागू व्हायला सुमारे ४० मिनिटे लागली.

तेव्हा फ्लॅग हवेत. पण किती काळ? घरातील विजेच्या फळीवर एखादे बटण असते, ते कशाचे हे कोणालाच ठाऊक नसते आणि भीतीपोटी कोणी दाबतही नाही. आज्ञावलीत अशी बटणे साठू लागली, की प्रत्येक बटणागणिक शक्य स्थितींची संख्या दुप्पट होते. दहा फ्लॅगांच्या १,०२४ जुळण्या होतात, आणि इतक्या चाचण्या कोणी करीत नाही. उबर कंपनीला या अडगळीचा इतका जाच झाला, की तिने पिरान्हा नावाचे साधन घडवून सुमारे दोन हजार मृत फ्लॅग काढले आणि २०२० मध्ये ते साधन मुक्त केले. जेथे असे साधन नाही, तेथे फ्लॅगसोबतच तो काढण्याचे काम कोणा एकाच्या नावावर नोंदवावे आणि जुने नाव नव्या कामासाठी कधीही वापरू नये.

सारेच फ्लॅग अल्पायुषी नसतात, हेही खरे. ठरावीक ग्राहकांना जादा सोय देणारा किंवा संकटकाळी भार उतरवणारा फ्लॅग वर्षानुवर्षे राहू शकतो. अनलीशमध्ये म्हणूनच फ्लॅग तयार करतानाच त्याचा प्रकार निवडावा लागतो. नवी सोय खुली करण्यासाठीच्या व प्रयोगाच्या फ्लॅगचे अपेक्षित आयुष्य मुळात ४० दिवसांचे धरलेले असते, तांत्रिक बदलासाठीच्या फ्लॅगचे ७ दिवसांचे, तर आणीबाणीच्या बटणाला मुदत नसते. मुदत उलटली तर फ्लॅग आपोआप बंद होत नाही. फलकावर तो शिळा झाल्याची नोंद तेवढी दिसू लागते.