संस्थान आणि खालसा : जव्हार-मोखाड्याची एक तुलना

दोन देशांची तुलना करावयास बसलेल्या लेखकाची पहिली अडचण ही असते की त्या दोन देशांत सारेच काही भिन्न असते. हवा भिन्न, जमीन भिन्न, धर्म व भाषा भिन्न. मग एक सुखी व दुसरा दुःखी का, या प्रश्नाचे उत्तर जो तो आपल्या आवडीप्रमाणे देतो. कोणी ते राज्यपद्धतीत शोधतो, कोणी पावसात, कोणी लोकांच्या स्वभावात. म्हणून एकाच रक्ताचे व एकाच भाषेचे लोक केवळ राज्याच्या सीमेने विभागले गेले असतील, तर ते उदाहरण इतिहासाच्या अभ्यासकास फार मोलाचे वाटते. १९४९ पासून १९९० पर्यंतची दोन जर्मन राज्ये किंवा आजचे दोन कोरिया यांवर जगभर जे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, त्यांचे कारण हेच होय. परंतु असे एक उदाहरण आमच्या दाराशीच होते, आणि ते तेथे १३० वर्षे होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हे उदाहरण जव्हार व मोखाडा यांचे. सांप्रत हे दोन्ही पालघर जिल्ह्याचे तालुके आहेत. सह्याद्रीच्या पश्चिम उतरणीवर ते एकमेकांस लागून पसरले आहेत. दोहोंकडे तीच तांबडी माती, तोच धो-धो पाऊस, तेच ऐन-सागाचे रान, उतारावर तीच नागली व वरई. वस्तीही तीच, वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची. तथापि १८१८ पासून १९४८ पर्यंत जव्हार हे कोळी राजाचे संस्थान होते आणि मोखाडा हा इंग्रजांचा खालसा मुलूख होता. पाड्यावरचा मनुष्य एक ओढा ओलांडून गेला की त्याचा राजा बदलत असे.

संस्थानाच्या उत्पत्तीची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते, पण ती नीट वाचली जात नाही. या प्रदेशावर पूर्वी एका वारली नायकाची सत्ता होती. जयबा मुकणे नामक कोळी पुरुषाने त्याजकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. ती मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या व त्यांनी सारा मुलूख वेढून घेतला. कार्थेज नगरीच्या डायडो राणीचीही हीच कथा युरोपात प्रसिद्ध आहे, आणि ती इकडून तिकडे गेली की तिकडून इकडे आली या वादात विद्वानांनी खुशाल रमावे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. राजघराण्याच्या चातुर्याचे कौतुक म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट वारल्याच्या बाजूने ऐकली, तर ती जमीन गमावल्याची पहिली नोंद ठरते. पुढे सावकाराने कागदावर अंगठा घेऊन जे केले, ते या कथेत कातड्याने केले आहे.

जयबाचा पुत्र नेमशहा यास दिल्लीच्या तुघलक दरबाराने १३४३ साली राजा म्हणून मान्यता दिली, आणि तेव्हापासून जव्हारात एक निराळा शकही मोजला जाऊ लागला. सुरतेच्या स्वारीस जाताना शिवछत्रपतींची व विक्रमशहाची भेट शिरपामाळावर झाली, असे स्थानिक परंपरा सांगते. ती मैत्री फार दिवस टिकली नाही. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. पुढे पेशवाईत मुकण्यांचा मुलूख आकसत आकसत डोंगरापुरता उरला. पेशवाई बुडाली तेव्हा पेशव्यांचा भाग इंग्रजांकडे गेला आणि राजाचा राजाकडे राहिला. इंग्रजी अमलातील या पट्ट्यास कोळवण म्हणत. मग त्याचे नाव शहापूर तालुका झाले व मोखाडा हे त्यातील एक पेटे ठरले. नाव कोळ्यांचे असलेले रान इंग्रजांकडे गेले, आणि कोळी राजास शेजारचे रान मिळाले, ही इतिहासाची एक गंमतच म्हणावयाची.

विसाव्या शतकाच्या आरंभी जव्हार संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल होते, आणि १९०१ च्या शिरगणतीत तेथे ४७,५३८ माणसे मोजली गेली. गाव म्हणण्याजोगे गाव एकच, राजधानीचे. उत्पन्न मुख्यत्वे जमिनीचे व जंगलाचे. हे उत्पन्न डोंगरावरच खर्च होई, आणि या एका गोष्टीचा परिणाम आजही डोळ्यांस दिसतो. १८६५ ते १९०५ असे चाळीस वर्षे गादीवर असलेल्या चौथ्या पतंगशहांपासून जव्हारला हळूहळू नगराचे रूप येत गेले. १९१८ साली तेथे नगरपालिका झाली, म्हणजे कित्येक मोठ्या गावांच्या आधी. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला दगडी जयविलास राजवाडा, दसऱ्याचा दरबार, पीर सदरुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याचा उरूस, बाजारपेठ, यांनी दीड हजार फूट उंचीवर एक लहानसे सुसंस्कृत जग उभे केले होते. या राजांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात नोकरी केली व पुढे ते लोकसभेवर निवडून गेले. त्यांस केवळ विलासी संस्थानिक म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल.

मोखाड्यास यांतले काहीच नव्हते. तेथे मामलेदाराचा हस्तक, जंगलाचा रखवालदार व आबकारीचा शिपाई एवढे तीन पुरुष म्हणजे सरकार. सारा ठाण्यास जाई, ठाण्याहून मुंबईस जाई, आणि तेथून मोखाड्याकडे परत येण्याची वाट त्यास सापडत नसे. ठाण्याचे कलेक्टर हेच जव्हारचे पोलिटिकल एजंटही असत, ही मौजेची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. म्हणजे एकच गोरा अधिकारी ओढ्याच्या एका काठावर धनी होता आणि दुसऱ्या काठावर पाहुणा होता.

एवढ्यावरून निकाल द्यावयाचा तर तो संस्थानाच्या बाजूने लागेल, आणि स्वराज्याचा अभिमानी वाचक तो आनंदाने लावीलही. परंतु जीवनमान राजधानीवरून मोजावयाचे नसते. ते पाड्यावरून मोजावे लागते. पाड्यावरील शेतीचे सारे गणित राबावर चाले. ऐनाच्या फांद्या छाटून, पालापाचोळा व शेण यांसह त्या रोपाच्या वाफ्यावर पसरावयाच्या, वर माती टाकावयाची, आणि पावसापूर्वी ते सारे जाळावयाचे. त्या राखेत भात-नागलीचे रोप धरते. १८७८ च्या जंगल कायद्याने खालसात राने राखीव होऊ लागली आणि फांदी तोडणे हा गुन्हा ठरला. त्याच साली आबकारीचा कायदा झाला. घरची दारू चोरीची झाली. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचे फूल गोळा करून ठेवणेही सरकारच्या परवानगीवाचून अशक्य केले. ज्या झाडाखाली मुले चैत्रात टोपली घेऊन धावतात, त्या झाडाचे फूल गुन्ह्याचा मुद्देमाल व्हावे, हे इंग्रजी राज्यातील कायद्याच्या समतेचे एक स्वरूप होते.

मात्र त्याच इंग्रजी राज्यात तक्रार करता येत असे, हेही तितकेच खरे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राबावरून एवढा ओरडा झाला की १८८५ साली सरकारास जंगल चौकशी मंडळ नेमावे लागले व १८८७ साली त्याचा अहवाल निघाला. ओरडा करणारांत वारली थोडे आणि खाली सपाटीवरचे जमीनदार व वकील अधिक, हे आम्ही विसरत नाही. परंतु अर्ज लिहिला गेला आणि तो कोणीतरी वाचला. १९३५ च्या कायद्यान्वये शहापूर तालुका व मोखाडा पेटे ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांत घातले गेले. त्या प्रदेशांतील आदिवासींची स्थिती पाहण्याचे काम सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडे देण्यात आले, आणि त्याने जे पाहिले ते निर्भीडपणे लिहिले: पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी, तिचे न फिटणारे व्याज, वेठ, आणि लग्नापुरत्या कर्जासाठी नवराबायकोने सावकाराच्या दारी गडी होऊन राहणे. लग्नगडी हा शब्द ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी तो एकदा उच्चारून पाहावा.

आमच्या सबंध तुलनेतील कळीचा मुद्दा येथेच येतो. सिमिंग्टनची लेखणी संस्थानाच्या सीमेशी थांबली. जव्हार हे परराज्य. त्याच्या रानात शिरून वेठ मोजण्याचा अधिकार मुंबई सरकारच्या चौकशीदारास नव्हता. परिणाम असा झाला की खालसातील दुःख कागदावर राहिले आणि संस्थानातील दुःखाचा कागदच झाला नाही. संस्थानाने मागे इमारती ठेवल्या, खालसाने अहवाल ठेवले. पुढे येणारा प्रवासी इमारत पाहून म्हणतो, येथे सुबत्ता होती. आणि अभ्यासक अहवाल वाचून म्हणतो, तेथे जुलूम होता. दोघेही आपल्या समोरच्या पुराव्याशी प्रामाणिक असतात आणि दोघेही फसतात. ज्या प्रजेने तक्रार लिहिली नाही ती सुखी होती, असे मानण्याचा मोह संस्थानांच्या इतिहासात फार होतो, आणि एका काळी आपल्याकडील पुष्कळ लेखन या मोहातूनच झाले आहे. राजा आपल्या जातीचा, आपल्या भाषेचा, दसऱ्याला दिसणारा होता, याचे समाधान लटके नव्हे; परंतु ते समाधान कोळ्याचे किती आणि वारल्याचे किती, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. कातड्याची कथा म्हणून तर आम्ही आरंभी सांगितली.

संस्कृतीच्या बाबतीत मात्र सीमा अगदीच कुचकामी ठरली. तारप्याच्या सुराभोवती फिरणारा फेर, लग्नाच्या चौकातील तांदळाच्या पिठाची चित्रे, वाघोबाची लाकडी फळी, हे दोन्ही बाजूंस सारखेच. बोहाड्याच्या सोंगांचे तर मोखाडा हे नावाजलेले ठिकाण. देवदानवांचे जड मुखवटे तोंडावर चढवून, संबळाच्या तालावर रात्रभर नाचत येणारी ती सोंगे ज्याने पाहिली, तो या लोकांस कलाहीन म्हणणार नाही. राजाचा आश्रय मिळून बोहाडा वाढला नाही, आणि कलेक्टरच्या उपेक्षेने तो मेला नाही. सरकारे जे जे मोजतात त्यांत तो बसत नव्हता, म्हणून वाचला असावा.

१९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ओढ्यावरची सीमा पुसली गेली. एकाच कायद्याखाली, एकाच विकासयोजनेखाली दोन्ही मुलूख आल्यावर संस्थानाचा व खालसाचा खरा ताळेबंद निघावयास हवा होता. तो निघाला, पण अपेक्षेहून निराळा. १९९२-९३ साली वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्रास हादरविले. ती गावे जव्हार तालुक्यातील, म्हणजे जुन्या संस्थानातील. २०१६ साली कुपोषणाने मुले दगावल्याची बातमी पुन्हा देशभर गाजली, ती मोखाड्याची. दोन्ही तालुक्यांत आज दर दहा माणसांत नऊंहून अधिक आदिवासी आहेत, आणि दिवाळी झाली की दोन्हीकडचे कुटुंबच्या कुटुंब भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे चालू लागते. राजवाड्याने जव्हारच्या पाड्यांस वाचविले नाही, तसे अहवालांनी मोखाड्याच्या पाड्यांसही वाचविले नाही.

मग तुलना करावयाची ती कोणाशी? मोखाड्याच्या कोचाळे गावानजीक २०१४ साली मध्य वैतरणेचे धरण पुरे झाले. शंभर मीटरांहून उंच असे हे धरण दररोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मुंबईस पुरविते. ज्या तालुक्यात ते उभे आहे, त्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते आणि बायका कोरड्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. आमच्यासारखा शहरवासी नळ सोडतो तेव्हा त्या पाण्याचे मूळ गाव त्यास ठाऊक नसते. संस्थान व खालसा हे भेद पुस्तकांतच उरले. सीमा सरकून कसाऱ्याच्या व भिवंडीच्या पलीकडे गेली, आणि सारा जुना कोळवण तिच्या एकाच बाजूस आला.

एक अवशेष मात्र अजून कामी येतो. मोखाड्याच्या पाड्यावर मूल अशक्त झाले किंवा बाळंतीण अडली, की तिला मोखाड्याच्या रुग्णालयात नेतात. तेथे जमले नाही तर पूर्वीची सीमा ओलांडून जव्हारला पाठवितात. तेथल्या सरकारी दवाखान्याचे नाव अद्यापि पतंगशहा कुटीर रुग्णालय असे आहे. तेथेही जमले नाही तर गाडी नाशिकच्या वाटेला लागते, आणि ती वाट पुन्हा मोखाड्यावरूनच जाते.