मोटार उद्योगाचे वार्षिक कार्यमापन

मोटारगाड्या, मालमोटारी, ट्रॅक्टर अथवा दुचाकी वाहने तयार करणाऱ्या कंपनीने एका हिशेबी वर्षात किती उत्पादन व विक्री केली, त्यातून किती नफा मिळविला आणि त्यासाठी पाणी, ऊर्जा, कच्चा माल, कामगार व परिसर यांवर किती भार टाकला, याची मोजणी म्हणजे त्या कंपनीचे वार्षिक कार्यमापन होय. यांपैकी पहिल्या भागाची मोजणी जुनी असून दुसऱ्या भागाची मोजणी विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. मापनाची सीमा कोठे आखावयाची, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे. कारखाना मुंबई, पुणे वा नागपूर यांसारख्या शहराच्या परिसरात असतो. तेथे तयार झालेला ट्रॅक्टर मात्र जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यासारख्या भागात, सातपुड्याचा पायथा व तापी नदी यांमधील केळीच्या मळ्यांत, दहा-पंधरा वर्षे डिझेल जाळीत राहतो. हा धूर कोणाच्या हिशेबात धरावयाचा, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत आले आहे.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात मोटार उद्योगाचा प्रारंभ सुट्या भागांच्या जुळणीने झाला. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. पुढे महिंद्र अँड महिंद्र म्हणून प्रसिद्धीस आलेली कंपनी, टेल्को (२००३ पासून टाटा मोटर्स) आणि बजाज उद्योगसमूहातील ज्या कंपनीतून बजाज ऑटो निर्माण झाली ती कंपनी, या तिन्ही १९४५ मध्ये स्थापन झाल्या. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेटपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू केले आणि १९६६ मध्ये पुणे येथे कारखाना उभारण्यास प्रारंभ केला. ट्रॅक्टरनिर्मितीसाठी महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत १९६३ मध्ये स्वतंत्र कंपनी काढली. ती १९७७ मध्ये मूळ कंपनीत विलीन झाली.

स्वातंत्र्योत्तर काळातील मोजमाप : या काळात कंपनीचे यश दोन मापांनी ठरविले जाई. पहिले माप ताळेबंद व नफा-तोटा पत्रक यांचे. १९१३ च्या आणि नंतर १९५६ च्या कंपनी अधिनियमान्वये ही पत्रके दरवर्षी हिशेबतपासनिसाकडून तपासून घेऊन भागधारकांपुढे ठेवावी लागत. दुसरे माप देशी भागांच्या प्रमाणाचे. १९५३ मधील प्रशुल्क आयोगाच्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना आपला व्यवसाय चालू ठेवणे अशक्य झाले व जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. वाहनातील किती टक्के भाग देशात तयार होतात, हा आकडा त्यानंतर बराच काळ प्रगतीचा निदर्शक मानला गेला.

शासनाने १९६९ मध्ये मोटारगाड्यांच्या किमतींवर वैधानिक नियंत्रण आणले. एका मोटारीचा वाजवी परिव्यय किती व त्यावर वाजवी नफा किती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ मध्ये त्याचा निकाल लागला. नियंत्रण १९७५ मध्ये उठविण्यात आले. मात्र उत्पादनक्षमतेवरील परवान्यांच्या मर्यादेमुळे वाहनांची टंचाई टिकून राहिली. स्कूटरसाठी ग्राहकांस काही वर्षे वाट पाहावी लागे. अशा बाजारपेठेत जे तयार होई ते खपे. म्हणून विक्रीचा आकडा कंपनीच्या कार्यक्षमतेचे किंवा मालाच्या गुणवत्तेचे विश्वसनीय माप ठरू शकत नव्हता. एखादा आकडा अचूक असूनही चुकीच्या गोष्टीचे माप देऊ शकतो, याचे हे उदाहरण होय.

सामाजिक व पर्यावरणीय लेखा : कंपनीने समाजाला काय दिले, हे स्वतंत्रपणे तपासण्याचा भारतातील उल्लेखनीय आद्य प्रयत्न पोलाद उद्योगात झाला. जे. आर. डी. टाटा अध्यक्ष असताना टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने १९७९ मध्ये सामाजिक लेखापरीक्षेसाठी समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल हे तिचे प्रमुख होते. रजनी कोठारी व पु. ग. मावळंकर हे सदस्य होते. मोटार उद्योगातही अशा कामाची जाण होती. टेल्कोच्या पुणे येथील आवारात सुमंत मुळगावकर यांनी मोठ्या प्रमाणावर वृक्षलागवड करविली व तलाव निर्माण केला. अशा कामाचे मोल ताळेबंदाच्या रूढ चौकटीत मात्र उतरत नाही.

कायद्याने या दिशेने पहिले पाऊल १९८८ मध्ये टाकले. त्या वर्षीच्या नियमांनुसार संचालक मंडळाच्या अहवालात ऊर्जाबचत, तंत्रज्ञानाचा स्वीकार व परकीय चलन यांचा तपशील देणे बंधनकारक झाले. भोपाळ येथील वायुदुर्घटनेनंतर (१९८४) पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ संमत झाला होता. त्याखालील नियमांत १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन, प्रदूषणविषयक संमती घ्याव्या लागणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आपले पर्यावरणीय विवरणपत्र राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास दरवर्षी सादर करावे, असे ठरले. दर नगामागे लागलेले पाणी व कच्चा माल, सांडपाण्यातील व हवेतील प्रदूषके आणि घातक कचरा यांचे आकडे त्यात द्यावे लागतात. हे विवरणपत्र मंडळाच्या दप्तरी जाई; भागधारकांपुढील वार्षिक अहवालात ते समाविष्ट करण्याची सक्ती नव्हती. परिणामी एकाच कारखान्याचे दोन हिशेब दोन ठिकाणी राहिले.

जागतिक प्रमाणके : जागतिक पर्यावरण व विकास आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने शाश्वत विकासाची कल्पना रूढ केली. १९९७ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह या संस्थेचे कार्य सुरू झाले व २००० मध्ये तिने कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हरितगृह वायूंच्या मोजणीचे प्रमाणक २००१ मध्ये तयार झाले. त्याने उत्सर्जनाचे तीन वर्ग केले : कंपनीच्या भट्ट्या व वाहने यांतून होणारे प्रत्यक्ष उत्सर्जन हा पहिला वर्ग, विकत घेतलेल्या विजेमुळे अन्यत्र होणारे उत्सर्जन हा दुसरा, आणि पुरवठादारांच्या कारखान्यांपासून ग्राहकाच्या हाती गेलेल्या मालाच्या वापरापर्यंतचे सर्व उत्सर्जन हा तिसरा वर्ग होय. मोटार उद्योगाच्या बाबतीत तिसरा वर्ग पहिल्या दोहोंपेक्षा फार मोठा असतो, कारण खनिज तेलावर चालणाऱ्या वाहनाच्या आयुष्यातील बहुतांश उत्सर्जन ते रस्त्यावर वा शेतात चालताना होते.

महिंद्र अँड महिंद्रने २००७-०८ या वर्षासाठी आपला पहिला शाश्वतता अहवाल काढला. २०१६ मध्ये या कंपनीने कार्बन उत्सर्जनाच्या प्रत्येक टनामागे १० डॉलर ही अंतर्गत किंमत ठरविली. नव्या यंत्रसामग्रीचा विचार करताना भविष्यातील उत्सर्जनही खर्च म्हणून धरले जावे, हा तीमागील हेतू होय. व्यावसायिक व पर्यावरणीय हिशेब एकाच चलनात मांडण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

भारतातील अनिवार्य अहवाल : केंद्र शासनाने २०११ मध्ये व्यवसायाच्या जबाबदारीविषयी नऊ तत्त्वे असलेली ऐच्छिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या आधारे भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) २०१२ मध्ये भांडवल-बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० सूचिबद्ध कंपन्यांवर व्यवसाय-जबाबदारी अहवालाचे बंधन घातले. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक झाले. सेबीने २०२१ मध्ये अधिक तपशीलवार अहवालाचा नमुना दिला व २०२२-२३ पासून तो पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीचा केला. पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांचे अपघात, वेतनातील स्त्रियांचा वाटा इ. बाबी आता वार्षिक अहवालाचा भाग झाल्या आहेत. पहिल्या दोन वर्गांतील उत्सर्जन या नमुन्यात सक्तीच्या भागात असून तिसऱ्या वर्गातील उत्सर्जन ऐच्छिक भागात ठेवले आहे.

मापनातील अडचणी : पहिली अडचण एकूण आकडा व दरनगी आकडा यांतील भेदाची. समजा, एका वर्षात दर वाहनामागील पाण्याचा वापर २० टक्क्यांनी घटला आणि वाहनांची संख्या ५० टक्क्यांनी वाढली, तर एकूण पाणी २० टक्क्यांनी अधिक लागते. अहवालात घट दिसते. ज्या नदीतून पाणी उचलले जाते, तिच्या दृष्टीने ती वाढच असते. हेच प्रमाण उलाढालीच्या रुपयांशी काढल्यास, केवळ वाहनांच्या किमती वाढविल्यानेही ते सुधारलेले दिसू शकते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

दुसरी अडचण प्रयोगशाळा व रस्ता यांतील अंतराची. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने डिझेल मोटारींत चाचणी ओळखणारी संगणकीय आज्ञावली बसविल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. त्यानंतर पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेने केलेल्या चाचण्यांतही प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन बरेच अधिक आढळले आणि कंपनीने भारतातील सु. ३.२३ लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. भारतात १ एप्रिल २०२३ पासून भारत टप्पा-६ च्या दुसऱ्या पायरीत रस्त्यावरील प्रत्यक्ष चाचणी आवश्यक करण्यात आली.

तिसरी अडचण सीमेची असून यावलचे उदाहरण येथे उपयोगी पडते. एखादा ट्रॅक्टर तासाला ४ लिटर डिझेल जाळून वर्षाला ६०० तास चालतो असे मानले, तर त्यास २,४०० लिटर डिझेल लागते. एक लिटर डिझेलच्या ज्वलनातून सु. २.७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे वर्षाला सु. ६.५ टन व दहा वर्षांत सु. ६५ टन. २०१७ पासून लागू झालेला कंपनीनिहाय सरासरी इंधनवापराचा नियम केवळ प्रवासी मोटारींचा आहे. ट्रॅक्टरांसाठी उत्सर्जनाचा नवा टप्पा जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना लागू झाला; देशात खपणारे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याहून लहान आहेत. आयुष्य संपलेल्या वाहनांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या २०२५ च्या नियमांतूनही शेतीचे ट्रॅक्टर वगळले आहेत. शेतकऱ्यावर वाढीव किमतीचा बोजा पडू नये, ही अशा सवलतींची बाजू होय. परंतु त्यामुळे मळ्यात जळणारे हे डिझेल सक्तीच्या मोजणीत कोठेही उत्पादकाच्या नावावर लागत नाही. कंपनीने तिसऱ्या वर्गाचे उत्सर्जन स्वेच्छेने जाहीर केले, तरच ते तिच्या वार्षिक अहवालात दिसते.

मूल्यमापन : सु. सात दशकांच्या कालावधीत मोटार कंपनीचा वार्षिक हिशेब भागधारकाच्या लाभांशापासून कारखान्याच्या सांडपाण्यापर्यंत व तेथून वाहनाच्या धुरापर्यंत विस्तारला. या विस्तारात प्रत्येक टप्प्यावर एखादी बाब प्रथम ऐच्छिक राहिली व नंतर सक्तीची झाली. देशी भागांचे प्रमाण, दरनगी परिव्यय, दरनगी पाणी व दर किमी. उत्सर्जन ही मापे त्या त्या काळाच्या चिंतेतून जन्मास आली. त्यांपैकी कोणतेही एक माप पुरेसे ठरले नाही. कंपनीचा नफा मोजताना हिशेबतपासनीस जसा एकही व्यवहार पुस्तकाबाहेर राहू देत नाही, तसाच दंडक यावलच्या मळ्यातील ट्रॅक्टरपर्यंत लावला जातो किंवा नाही, यावरच या मापनाची विश्वसनीयता अवलंबून राहील.