नाक्यावरचे गायरान

कनेरगाव नाका हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाच्या नावातला 'नाका' जुन्या सरहद्दीची आठवण देतो. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिले. वाशीम तिकडे गेले, हिंगोली निजामीत राहिली. निजामी मुलखात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. सरहद्द ओलांडणाऱ्या मालाची तिथे मोजदाद होई. १९४८ साली हैदराबाद संस्थान विलीन झाले, १९५६मध्ये हिंगोली आणि वाशीम एकाच राज्यात आली. जकात गेली, नाव राहिले.

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जुन्या नोंदी वाचायला मी तलाठी कार्यालयांच्या ओट्यांवर बसून शिकलो. निघालो होतो ही सरहद्द शोधायला आणि अडकलो गायरानात. या भागातल्या एका माळावर शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारले होते, "बाबा, ही जागा मोकळीच आहे का?" तो म्हणाला, "मोकळी कुठं हाय दादा? हितं कुनी घर बांधलं न्हाई, एवढंच." त्या उत्तराने माझी पुढची काही वर्षे खाल्ली.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिचे कलम २२ मी अनेकदा वाचले आहे. सरकारी जमीन कशाकशासाठी राखून ठेवता येते, याची त्यात यादी आहे : वन व जळाऊ लाकडाचे राखीव क्षेत्र, गावगुरांची मोफत चराई, गवताचे कुरण, स्मशान, गावठाण, तळ देण्याची जागा, खळे, बाजार, जनावरांची कातडी सोलण्याची जागा, रस्ते, उद्याने. संवर्धन, विरंगुळा आणि विकास हे आजच्या आराखड्यांचे तिन्ही शब्द या एका यादीत मावतात. राखून ठेवलेली जमीन कलेक्टरच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामी वापरता येत नाही, असेही तिथेच म्हटले आहे.

यादी वाचताना मी कातडी सोलण्याच्या जागेपाशी थांबतो. ज्यांच्यासाठी ती राखली, त्यांच्या नावावर बहुधा गुंठाभरही शेत नसे. गावाच्या सामाईक जमिनीत त्यांचा वाटा होता, पण तो गावाने ठरवून दिलेला आणि गावाबाहेरचा. गावगाडा पूर्वी समतोल होता असे म्हणणाऱ्यांनी हा समतोल कोणाच्या पाठीवर तोललेला होता, हेही पाहावे. दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने मराठवाड्यात १९५३ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि १९६४च्या डिसेंबरात तो देशभर पोचला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी त्यात होती. १९९१च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने निर्णय काढून १४ एप्रिल १९९० पर्यंतची, मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. त्या तारखेत बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची खूण आहे.

गाव नमुना एक-ब मध्ये बिनभोगवट्याची, म्हणजे कोणाच्या कब्जात नसलेली सरकारी जमीन लिहितात. एक-ई मध्ये अतिक्रमणे. पिढ्यान्‌पिढ्या माळ राखणाऱ्या गुराख्याचे नाव दोन्हींत नसते. गरिबाचे नाव सरकारी दप्तरात प्रथम येते, ते पुष्कळदा या दुसऱ्या वहीत.

पुढे गाठी वाढत गेल्या. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी राज्यांना योजना करायला सांगितले. मात्र भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेले पट्टे आणि आधीच उभी असलेली शाळा, दवाखाना यांचा अपवाद ठेवला. अलीकडे गायरानांवर सौरऊर्जेची तावदाने येऊ लागली आहेत. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा हेतू शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचा आहे. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाऊन साप-किरड्याच्या भीतीत उभे राहणाऱ्याला तो हेतू पटतो. त्याच जमिनीवर शेळ्या चारणारी बाई मात्र कुंपणाबाहेर उभी असते. दोघांचेही खरे आहे.

संवर्धनाचेही तसेच. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात १८.३२ चौरस किलोमीटरवर काळवीट राखले आहे. दप्तर ज्याला पडीक म्हणते, ते त्यांचे घर. उलट सोलापूर-नगरकडे १९७९ साली माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरची रेघ ओढली गेली. तिच्या आत शेते आणि वस्त्याही आल्या. लोकांचे व्यवहार अडले, पुढे अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान माळढोक दिसेनासाच होत गेला. आधी आखले आणि माणसे मागून मोजली, त्याचा हा परिणाम.

विरंगुळा हा शब्द आराखड्यात शेवटी येतो. पण हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याला लोटणारी गर्दी पाहा, किंवा पोरांना क्रिकेटसाठी माळावर दगडांच्या यष्ट्या रचताना पाहा. तोही वापरच आहे. फक्त त्याची पावती फाटत नाही.

मग तोल साधायचा कसा? संहितेच्या कलम १६१ पासून निस्तारपत्रकाची तरतूद आहे. गावातल्या बिनकब्जाच्या जमिनीचा वापर कसा व्हावा, गुरे कुठे चरावीत, जळण कोणी न्यावे, हे गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून लिहून ठेवायचे. मात्र ही कलमे विदर्भातल्या काही जमिनींपुरती आहेत. त्यांचे मूळ जुन्या मध्य प्रांतातल्या मालगुजारीत आहे. वऱ्हाड रयतवारी, म्हणून तिथेही ते गावोगाव सापडेल असे नाही. मराठवाड्याच्या वाट्याला तर ही कलमेच आली नाहीत. जकात संपून पाऊणशे वर्षे झाली, तरी कायद्यात नाका उभा आहे.

माझे म्हणणे एवढेच : गायरानाचे इतके टक्के झाडांना, इतके खेळाला, इतके विजेला, अशी वाटणी करण्याआधी आज तिथे कोण कोण येते, ते ग्रामसभेत वाचून लिहावे. गुराखी, सरपण नेणारी, खळे घालणारा, खेळणारी पोरे, अतिक्रमणाच्या वहीतला भूमिहीन आणि काळवीटही. ती यादी हाती असली, तर भांडण मिटेल असे नाही. पण कोणाचे काय घेतले, हे तरी लपणार नाही. करोडगिरीचा कारकून सरहद्दीवरून जाणारी गोणी मोजत असे. आपण निदान माणसे मोजावीत.